व चा व

गुरुवार, ९ जानेवारी

चि. खडू,

तू गेलीस त्या दिवशी जीप वळणाआड जाईपर्यंत मामी फाटकात उभी होती. मी घरात येऊन बघतो तर सगळी भांडी घासून पालथी घातलेली. तिला रडू आलं की ती भांडी घासते, हे तुला वेगळं सांगायला नको. आठव्या वर्षापासून तू याच घरात वाढलीस.

आता कामाचं. सिमकार्डांचा डबा मागच्या गुरुवारच्या जीपने मिळाला. दोन दिवस जुन्या टेलिफोन एक्स्चेंजच्या खोलीबाहेर रांग होती. वसाहतीतल्या एकतीस घरांचे फोन मी स्वतः उघडले, तुझी कार्डं घातली आणि तुझ्या चिठ्ठीत होतं तसं इंटरनेटच्या रकान्यात 'वाट' हे नाव टाकलं. फोन फक्कड लागतात. धरणावरून दुकानात, दुकानातून शाळेत. दुकानदार तर समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकालाही फोन करून बघतो. तीस वर्षं मी त्याच खोलीत बसून लोकांच्या तारा जोडल्या, तेव्हा कोणी आभार मानले नाहीत. तू तिथे बसवलेल्या या छोट्या मोबाइल टॉवरच्या पेटीचे मात्र गोडवे गातात.

पण इंटरनेटच्या नावाने बोंब आहे. एकाही फोनवर चालत नाही. नुसतं गोल गोल फिरतं आणि थांबतं. तू होतीस तेव्हा तुझ्या दोन्ही फोनांवर व्यवस्थित चालत होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तू धरणाच्या भिंतीवर उभी राहून हात हलवलेस आणि मामी स्वयंपाकघरात फोनवर ते बघून हसली. ते दोन्ही फोन तुझ्या ऑफिसचे म्हणून तू परत नेलेस, आणि आता आम्ही कोरडे.

बाकीच्यांना घाई नाही. त्यांना वसाहतीतल्या वसाहतीत बोलता येतं, तेवढं पुरे आहे. पण हा खटाटोप जिच्यासाठी केला तिला चार वर्षांपासून काही ऐकू येत नाही. फोनची घंटा वाजून तिला काय उपयोग? तिला खुणांनी बोलणारे तुझे हात दिसले पाहिजेत. आणि धरणाच्या मोठ्या साहेबांनी खालच्या कचेरीची इंटरनेटची लाइन फेब्रुवारीअखेरपर्यंतच वापरायला दिली आहे, तीही 'चालतंय का बघा' म्हणून. न चालणाऱ्या गोष्टीला ते मुदत वाढवून देतील असं वाटत नाही. तेव्हा घोडं कुठं अडलंय ते लवकर सांग.

तुझा,
मामा

(समासात, पेन्सिलने) यांनी 'सिग्नल' तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिला होता. शेवटी ती ओळच खोडायला लावली. भांडी खरकटी होती म्हणून घासली. — मामी


रविवार, १२ जानेवारी

प्रिय मामा,

तुझं पत्र काल मिळालं. मामीची पेन्सिल बघून बरं वाटलं. एकोणतीस वर्षं तुझी पत्रं तिच्या हातून तपासून निघतायत, आणि तू अजून ऱ्हस्व-दीर्घात नापास.

आधी एक सांगते म्हणजे तू चिडणार नाहीस. ही पेटी कोण्या कंपनीची नाही. तिच्यातला प्रोग्रॅम जगभरातल्या माणसांनी मिळून लिहिलाय. कोणीही उघडून वाचावा, दुरुस्त करावा, वापरावा. फायदा असा की आपल्याला कोणाच्या पाया पडावं लागत नाही. तोटा असा की बिघडली तर तक्रार करायला खिडकी नाही. तुझी खिडकी मी. मी इथून पेटीत शिरून पाहिलं असतं, पण बाहेरून कोणाला आत येता येऊ नये ही मोठ्या साहेबांची अट होती आणि मी ते दार पक्कं बंद करून आले. आता उंटावरून शेळ्या हाकणं आलं.

काय घडतं ते समजून घे. फोन पेटीकडे जातो आणि म्हणतो, मला अमुक नावाच्या फाटकातून बाहेर जायचंय. ते फाटकाचं नाव म्हणजे 'वाट'. पेटी तिच्या यादीत बघते. नाव सापडलं की फोनला एक नंबर देते आणि मग त्याचं येणं-जाणं सुरू होतं. 'वाट' हे नाव मी उगाच नाही ठेवलं. शाळेतून यायला मला उशीर झाला की मामी फाटकात उभी राहून डाव्या तळव्यावर उजवं बोट फिरवायची. तेव्हा तिला ऐकू यायचं, तरी दुरून तशीच खूण करायची. वाट बघतेय.

आता तीन कामं. पेटी एकदा बंद करून चालू कर. मग पडद्यावर बघ की पेटीला स्वतःला बाहेरचं जग दिसतंय का. आणि तिसरं, फोनचा माल पुढे पाठवायची परवानगी चालू आहे का. तिथे एक असला पाहिजे, शून्य नाही. टाइप करायच्या ओळी वेगळ्या कागदावर छापून जोडल्या आहेत. जशाच्या तशा टाइप कर, आपलं डोकं लावू नकोस.

मामीला सांग, मी रोज जेवते.

तुझी,
खडू


गुरुवार, १६ जानेवारी

चि. खडू,

डोकं लावलं नाही. आज्ञाधारकपणे सांगतो.

पेटी बंद केली, शंभर आकडे मोजले, चालू केली. पेटीला बाहेरचं जग दिसतं. पडद्यावर उत्तरांच्या ओळी पटापट आल्या. आणि तुझ्या तिसऱ्या जागी चक्क शून्य होतं! पाच तारखेला चार तास वीज गेली होती, त्यात तुझी परवानगी पुसली गेली असणार. जुन्या एक्स्चेंजलाही तीच खोड होती, वीज गेली की रात्रीची घंटा बंद. तू लिहून दिलेल्या ओळीने शून्याचा एक केला, आणि वीज गेली तरी तो एकच राहील अशी दुसरी ओळही टाइप केली.

मला वाटलं, जिंकलो. मामीला हाताला धरून एक्स्चेंजच्या खोलीत आणलं. तिने केस नीट केले, साबणाचे हात पुसले, फोनसमोर बसली. परत ते गोल गोल. दहा मिनिटं बसली. मग माझ्या खांद्यावर थोपटलं आणि उठून गेली. मलाच थोपटलं, खडू, जसं काही मला परीक्षेत कमी गुण पडलेत.

पुढचं सांग.

मामा

(पेन्सिलने) मला वाईट वाटलं नाही. यांना वाटलं. साबणाचे हात नव्हते, पिठाचे होते.


रविवार, १९ जानेवारी

प्रिय मामा,

शून्य सापडलं ही तुझी कमाई. ती चूक माझी. मीच जाताना तो एक पक्का करायला हवा होता. पण एका घरात दोन उंदीर असतात तसं दिसतंय. एक सापडला, दुसरा अजून कुठे तरी कुरतडतोय.

आता पेटीचीच जबानी घेऊ. ती जे काही करते त्याची नोंद ठेवते. सोबतच्या कागदावरची ओळ टाइप केलीस की पडद्यावर नोंदी सरकायला लागतील. मग मामीचा फोन बंद करून चालू कर. फोन फाटकाशी आला की पेटी काय म्हणते ती ओळ मला उतरवून पाठव. दुसरं, फाटकांच्या नावांची यादी उघड आणि तिथे काय लिहिलंय तेही कळव.

गुरुवार ते गुरुवार एवढं लांब असतं हे मला माहीत नव्हतं. इथे ऑफिसात एखादी गोष्ट अर्ध्या मिनिटात झाली नाही तर लोक टेबलावर बोटं आपटतात.

खडू


गुरुवार, २३ जानेवारी

चि. खडू,

जबानी घेतली. फोन चालू होताच पडद्यावर ओळ आली. चार वेळा केलं, चारही वेळा तीच. इंग्रजी अक्षरं काढताना माझा हात अडखळतो, आणि तुला वाचायला त्रास नको, म्हणून नीट मराठीत उतरवून देतो:

'रिक्वेस्ट रिजेक्टेड. मिसिंग ऑर अननोन एपीएन. वाट.'

यादीही उघडून बघितली. तिथे एकच नाव आहे, स्वच्छ लिहिलेलं: वाट. फोनमध्येही वाट. म्हणजे फोन वाट मागतोय, यादीत वाट आहे, आणि तुझी पेटी म्हणते असली वाट मला ठाऊक नाही. असा पहारेकरी आमच्या धरणावर असता तर मोठ्या साहेबांनी दुसऱ्या दिवशी घरी पाठवला असता.

साहेब काल येऊन गेले. 'फोन लागतात ना, झालं तर मग,' म्हणाले. लाइन परत मागणार हे त्यांच्या चालण्यावरूनच कळत होतं.

मामा

(पेन्सिलने) 'रिजेक्टेड'मधला ज नीट केला. बाकी या ओळीचा अर्थ मला कोणी सांगितला नाही.


शनिवार, २५ जानेवारी

मामा,

तुझं पत्र तीनदा वाचलं. हे होऊच शकत नाही. पेटी खोटं बोलत नाही. तिला तेवढी अक्कल नसते. एपीएन म्हणजे फाटकाचं नाव; ते तिला अनोळखी दिसतंय म्हणजे फोनमध्ये टाइप करताना तुझ्याकडून काही तरी चुकलंय. नावाच्या पुढे-मागे रिकामी जागा पडली असेल, पहिलं अक्षर मोठं झालं असेल, एक अक्षर दोनदा दाबलं असेल. माझ्या दोन फोनांवर तेच नाव चाललं होतं, मी स्वतः टाइप केलं होतं. तुझ्या एकतीस फोनांवर चालत नाही. फरक एवढाच की ते तू केलेत.

सगळे फोन परत गोळा कर आणि नाव पुसून नव्याने लिही. वाट. सगळी लहान अक्षरं, मधला आ लांब, म्हणजे दोन ए. चश्मा लावून कर.

खडू


(गुरुवार, ३० जानेवारीच्या जीपने मामाचं पत्र आलं नाही.)


गुरुवार, ६ फेब्रुवारी

खडू,

चष्मा लावूनच केलं. एकतीसच्या एकतीस. रिकामी जागा नाहि, मोठं अक्षर नाहि. आधीही नव्हती. एक्स्चेंजवर असताना माझ्या हातून तीस वर्षांत चुकीची तार जोडली गेली नाहि, हे तुझ्या जन्माआधीपासूनची माणसं सांगतील. असो. तू दमलेली असशील.

हे पत्र तुझ्याजवळच ठेव.

परीस्थीती निट सांगतो. मामी गेले सतरा दिवस तोंडाने एक शब्द बोललेली नाही. दुकानात साबण मागताना तीचा आवाज मोठा निघाला. स्वतःचा आवाज तीला ऐकू येत नाही, तीला काय कळणार. सगळे वळून बघायला लागले. दोन मुली हसल्या. ज्या बाईने या वसाहतीतल्या प्रत्येक पोराला बोलायला आणी लिहायला शिकवलं ती आता दुकानात चिठ्ठी घेऊन जाते. घरात माझ्याशी हातांनी. मला जेमतेम तीस खुणा येतात. जेवण, पाणी, औषध, चष्मा कुठाय, चल. एवढ्यावर माणसाचं भागत नाही. तू डिसेंबरात होतीस तेव्हा तुमचे हात दिवसभर थांबत नव्हते.

रोज संध्याकाळी पाच वाजता ती फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवते आणी समोर बसते. मी सांगितलेलं नाही, तीची तीच बसते. साडेपाचला फोन उचलून ठेवते.

मी वीचार केला आहे. अठ्ठावीस तारखेपर्यंत हे जमलं नाही तर तीला तुझ्याकडे आणून सोडतो. तुझ्याजवळ तीचे हात बोलतील. मला भोंग्याची ड्यूटी आहे. पाणी सोडायच्या आधी भोंगा द्यायला इथे माझ्याशीवाय कोणी नाही, मी इथेच राहीन. माझं काही अडत नाही. माळ्यावरची ट्रंक काढून पुसून ठेवली आहे. तीला अजून बोललो नाही.

मामा


रविवार, ९ फेब्रुवारी

मामा,

या पत्रात पंधराच्या वर चुका आहेत आणि समास कोरा आहे. म्हणजे मामीने हे पाहिलेलं नाही. 'परिस्थिती'तला एकही ऱ्हस्व जागेवर नाही, हे बघून मला रडूच आलं. आणि माझ्याकडे घासायला दोनच भांडी असतात.

आधी माझं. मी तुला चष्मा लाव म्हणाले, आणि तो शब्दही चुकीचा लिहिला. मला लाज वाटते. तू केलंस ते बरोबरच केलं असणार. उंदीर माझ्याच पेटीत आहे आणि मला दिसत नाही. रोज कामावरून आल्यावर इथे तसलीच पेटी मांडून बसते, तेच नाव टाइप करते, आणि ती इमानेइतबारे चालते. मी हरलेय असं समज.

आता दुसरं. मामी माझ्याकडे आली तर मला आनंद होईल. खोटं कशाला बोलू, तुझं पत्र वाचून पहिल्यांदा मनात आलं ते हेच, की खिडकीजवळची खाट तिला द्यायची. दुसऱ्या क्षणी तू दिसलास, साखरेच्या डब्यासमोर एकटा. माझं काही अडत नाही म्हणे. तुला स्वतःचे मोजे सापडत नाहीत.

पण मामा, तू काय ठरवतोस आणि मी काय ठरवते? तिला ऐकू येत नाही, विचारता तर येतं. तिच्या पाठीमागे ट्रंक पुसून ठेवायची हे मला पटत नाही. म्हणून मी एक आगाऊपणा केलाय. हे पत्र तुला लिहिलंय, पण पाकिटावर नाव मामीचं घातलंय, आणि तुझं सहा तारखेचं पत्रही आत घातलंय. जीपवाल्याला माहीत आहे कोणाचं टपाल कोणाच्या हातात द्यायचं. तू चिडशील. चीड.

मामी, वाचते आहेस ना? मला तुझे हात बघायचे आहेत. त्यासाठी तू इथे यावंस की तिथेच राहावंस, हे तूच सांग. तू सांगशील तसं आम्ही दोघं मुकाट्याने करू.

खडू


गुरुवार, २० फेब्रुवारी

प्रिय खडू,

आठवडाभर रोज पाच वाजता तुझं तोंड बघतेय, तरी पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनसमोर बसलं की हे माझ्या मागे येऊन उभे राहतात, आणि आता कळलंय की यांना खुणा तीसच्या वर येतात. मला दिसू न देता शिकत होते. त्यामुळे यांच्याबद्दल जे बोलायचं ते हातांनी बोलायची सोय उरली नाही. म्हणून पत्र.

त्या गुरुवारी जीपवाल्याने पाकीट माझ्या हातात दिलं. ओट्याशी उभं राहूनच वाचलं, आधी तुझं, मग यांचं. राग आला. तुमच्या दोघांचा आला. माझ्यासाठी पेटी आणली, खांब उभा केला, सगळ्या वसाहतीचे फोन दोनदा उघडले. मला कुठे ठेवायचं तेही ठरवलं. आणि काय अडलंय ते मात्र कोणी मला धड सांगितलं नाही. मला फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघायला द्यायचे. मी हातातली पत्रं घेऊन तशीच एक्स्चेंजच्या खोलीत गेले. हे पेटीसमोर खुर्चीत बसले होते. पत्रं पुढ्यात टाकली. यांनी ओळखली आणि उठून उभे राहिले, शाळेतल्या पोरासारखे.

मी वहीवर लिहिलं: काय चुकतंय ते दाखवा.

यांनी फोनमधलं नाव दाखवलं. मग पडद्यावर यादी उघडली. मी एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. खडू, अर्धं मिनिटसुद्धा लागलं नसेल. फोनमध्ये व्ही आहे. यादीत डब्ल्यू.

यांना दाखवलं तरी दिसेना. 'दोन्हीकडे वाटच तर आहे,' असं ओठांनी म्हणाले. वाचताना वाटच होते ना ती! यांनी जन्मभर एक्स्चेंजच्या दारावरची पाटी बघितली. तिथे वसाहतीतला व रंगाऱ्याने व्हीने काढलाय. यांच्या हाताला तोच व. आणि तू? तुला इंग्रजी अक्षरं मी शिकवली, या ओट्याजवळ, पाटीवर. तू व्ही काढलास की त्याला एक शेपूट जोडून द्यायचीस आणि म्हणायचीस, असा छान दिसतो. मी खोडलं नाही. पाचवीपर्यंत तुझ्या सगळ्या वह्यांवर विज्ञान डब्ल्यूने आहे. वह्या माळ्यावर आहेत, ट्रंक असायची तिच्या मागे.

महिनाभर तुम्ही एकमेकांना काय लिहीत होतात ते मग मी पुन्हा काढून वाचलं. ती लिहिते वाट. हे लिहितात वाट. पेटी म्हणते अनोळखी, तर तेही हे मराठीत उतरवून पाठवतात, वाट. पत्रात दिसणार कसं? ध चा मा केलेला आपण ऐकून आहोत. इथे व चा व झाला. आणि ज्या बाईने व शिकवला ती पलीकडच्या खोलीत भांडी घासतेय. काखेत कळसा म्हणतात तो हा.

एक गोष्ट मला लोकांचे ओठ बघून बघून कळलीय, ती तुम्हा ऐकणाऱ्यांना कळत नाही. इंग्रजी बोलणारा माणूस व्ही म्हणतो तेव्हा वरचे दात खालच्या ओठाला लागतात. डब्ल्यूला नुसते ओठ. आपल्या लोकांच्या तोंडात दोन्ही एकच. आपलेच दात, आपलेच ओठ; सांगायचं कोणाला!

फोन परत गोळा करू नका म्हटलं. एकतीस घरं तिसऱ्यांदा फिरले असते तर लोकांनी यांना दारात उभं केलं नसतं. यादीतच दुसरं नाव लिहायला लावलं. व्हीची वाट आणि डब्ल्यूची वाट, दोन्ही असू देत, घरात दोन माणसं आहेत. यांनी टाइप केलं, मी शेजारी उभी राहून एकेक अक्षर बघितलं. पेटी बंद करून चालू केली. शंभर मोजायचे ते यांनी चाळीसच मोजले.

मग तू दिसलीस. आधी कपाळच दिसलं, तुझ्या मामासारखं रुंद. मग डोळे. तू डाव्या तळव्यावर बोट फिरवलंस. मी काही तरी बोलले, तोंडाने. काय बोलले ते आठवत नाही. हे सांगतात की धरणाच्या भिंतीपर्यंत ऐकू गेलं आणि दुकानदार बाहेर येऊन बघायला लागला. बघू दे. दुसऱ्या दिवशी दुकानात गेले आणि साबण मागितला, चिठ्ठी नेली नाही. मोठ्याने निघालं असेल. त्याने साबण दिला.

मोठे साहेब सोमवारी आले होते. त्यांना मी फोनवर तुझ्याशी बोलताना बघायचं होतं. पाच मिनिटं उभे राहिले. जाताना यांना म्हणाले की लाइन असू दे, वर्षभर तरी. मी ते त्यांच्या ओठांवरून वाचलं. यांनी मला खुणा करून सांगायच्या आधीच मी चहा ठेवायला वळले होते.

आता ट्रंकेचं. तू मला विचारलंस, म्हणून तुलाच सांगते. ती पुसलेली ट्रंक मला पहिल्याच दिवशी दिसली होती. जुन्या वह्या काढायला माळ्याशी गेले तर पलंगाखाली ट्रंक, ओला फडका वर तसाच. विचारलं नाही. सहा तारखेच्या गुरुवारी यांनी पत्र तपासायला दिलं नाही, एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा, तेव्हाच समजले की मला कुठे तरी पाठवायचं चाललंय. चार दिवस वाट बघितली. मग एका दुपारी हे भोंग्याचं तेलपाणी करायला गेले असताना ट्रंक उघडली आणि माझे कपडे भरले. त्यांच्यावर यांचा करडा स्वेटर ठेवला, चष्म्याचं घर ठेवलं, आणि मोज्यांचे चार जोड, जे यांना कधी सापडत नाहीत. मला पाठवलंच असतं, तर ती ट्रंक मला एकटीला उचलता आली नसती.

मार्चमध्ये चार दिवस तुझ्याकडे येऊ. भोंग्याचं काय, हे यांना पत्रात नको विचारूस, समोर विचार. उत्तर देताना मला यांचे ओठ बघायचे आहेत.

तुझी,
मामी

(समासात, पेनाने) हे पत्र हिने शेवटी मलाच तपासायला दिलं. दोनदा वाचलं. एकही चूक नाही. स्वेटरचं मला माहीत नव्हतं. — मामा